पाण्याकाठचे एकटे झाड
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण बाहेरगावच्या कुणा विदुषीला बोलावतो. या वर्षी अध्यक्षाबाईंनी ठरविले की मंडळातल्याच एखादीने बोलावे आणि विषयही मंडळातलाच असावा. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा मी व्याख्यान देणार नाही. ज्या एका वस्तूवरून मागच्या दोन बैठकांत आपल्यात मतभेद झाला, तिच्याविषयी वाचून आणि विचारून जे कळले, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

ती वस्तू म्हणजे आपल्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली तसबीर. आपल्या एका भगिनीचा भाचा नोकरीनिमित्त फिनलंड देशात आहे. त्याने मावशीच्या मंडळाला भेट म्हणून ती धाडली. तिकडच्या एका निसर्गचित्राची ती छापील प्रत आहे. खाली संथ पाणी, एका बाजूला खडक, खडकाच्या अगदी कडेला पाइनचे एकच झाड, पलीकडच्या काठाची काळसर रेघ, आणि वर पुष्कळसे आभाळ. माणूस नाही, गुरे नाहीत, घर नाही, डोंगा नाही. बस, एवढेच.

ती भिंतीवर लावावी की नाही, यावर तीन प्रकारची मते निघाली. काही भगिनी म्हणाल्या, यात पाहण्यासारखे आहे काय? काही म्हणाल्या, पोटापाण्याचे एवढे प्रश्न पडलेले असताना मंडळाने चित्रांचा घोळ कशाला घालावा? आणि आपल्यातल्या एका वडीलधाऱ्या काकू म्हणाल्या, "बाई, ते एकटे झाड पाहिले की जीव कसानुसा होतो. मंडळात चार बाया सोबतीसाठी येतात, तिथे हे नको." तिन्ही मते मनापासूनची आहेत. म्हणून तिन्हींचा विचार क्रमाने करू.

पहिले मत असे, की यात पाहण्यासारखे काय. आता झाडाचे नि पाण्याचे चित्र आपण कधी पाहिलेच नाही असे नाही. देवघरातली सरस्वती आठवा. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईला छापखाना काढला आणि देवादिकांची चित्रे घरोघर गेली. त्याची सरस्वती खडकावर बसली आहे, जवळ मोर आहे, पाणी आहे, मागे झाडी आहे. आपण हात जोडतो ते देवीला, आणि ते योग्यच आहे. पण मागची झाडे कोणती, हे आपल्यापैकी कितीजणींनी पाहिले? कृष्णाच्या तसबिरीत कदंब असतो तो कृष्णासाठी, आणि वटसावित्रीच्या पोथीवर वड असतो तो सावित्रीसाठी. आपल्याकडे चित्रातले झाड नेहमी कुणाच्या तरी मागे उभे असते.

दुसरे उदाहरण आपल्या झाडीपट्टीतलेच घ्या. दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपट होतात, रात्री नाटक लागते. नाटकाला राजवाड्याचा पडदा असतो, रस्त्याचा असतो, आणि जंगलाचाही असतो. जंगलाच्या पडद्यावर झाडे, धबधबा, डोंगर सारे रंगविलेले असते. पडदा सुटला की आपल्याला कळते, आता वनवास सुरू झाला. नायिका येते, गाते, आणि आपण तिच्याकडे पाहत राहतो. पडदा रंगविणाऱ्याने किती रात्री जागून तो केला असेल, हे मनात येत नाही, कारण तो पाहायचा म्हणून टांगलेलाच नसतो.

या तसबिरीत काय केले आहे? देवी उठून गेली, नायिका विंगेत गेली, आणि मागचे झाड नि पाणी तेवढे राहिले. चित्रकार म्हणतो, आता यांच्याकडे पाहा. आपल्याला सवय नसते, म्हणून चित्र रिकामे वाटते. फरक आहे तो एवढाच.

आता दुसरे मत, पोटापाण्याचे. इथे मला फिनलंडची थोडी हकीकत सांगितली पाहिजे, कारण त्या देशाचा भूतकाळ आपण समजतो तसा सुखाचा नाही. तो देश कडाक्याच्या थंडीचा. त्यात लहानमोठी मिळून सुमारे १ लाख ८८ हजार तळी आहेत. १८०९ पर्यंत तो स्वीडनच्या ताब्यात होता, पुढे रशियाच्या झारकडे गेला. शिकलेल्या लोकांची नि कचेरीची भाषा स्वीडिश, आणि शेतकऱ्याची भाषा फिनिश. घरी एक बोली नि कचेरीत दुसरी, हे आपल्या झाडीबोलीच्या मुलखाला वेगळे सांगायला नको. १८६६ ते १८६८ या काळात तिथे धान्य पिकले नाही आणि भयंकर दुष्काळ पडला. शंभरात सुमारे आठ माणसे भुकेने नि रोगराईने गेली. लोकांनी पाइनच्या सालीचा भुगा पिठात मिसळून भाकरी केली. तसबिरीतले झाड त्याच जातीचे आहे.

त्या दुष्काळाच्या आगेमागे जन्मलेली मुले पुढे चित्रकार झाली. त्यांतला एक आक्सेली गालेन-काल्लेला. त्याचे एक नावाजलेले चित्र १८९२ ते १८९४ या काळातले आहे. उंचावर एक वाळके पाइनचे झाड, त्याच्या खोडावर काळा सुतारपक्षी, आणि खाली दूरवर जंगल नि पाणी. साऱ्या चित्रात त्या पक्ष्याच्या डोक्यावरचा लाल ठिपका तेवढा लाल आहे. एवढ्या निःशब्द मुलखात एक जीव टकटक करीत आहे, असे ते चित्र आहे.

पुढे १८९९ साली रशियाच्या झारने फरमान काढून त्या देशाचे अधिकार आवळले. वर्तमानपत्रांवर बंधने आली. मनातले उघड बोलणे अवघड झाले. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९०० साली, पॅरिसला जगाचे मोठे प्रदर्शन भरले. तिथे फिनलंडच्या लोकांनी आपला वेगळा मंडप उभारला आणि आपल्या चित्रकारांची कामे त्यात मांडली. तळे, बर्फ, पाइनची झाडे, साधी माणसे. झाडाच्या चित्रावर कोणता अधिकारी काय आक्षेप घेणार? पण पाहणाऱ्याला कळत होते की हा एक वेगळा देश आहे, आणि त्याच्या लेकरांना तो प्रिय आहे. ६ डिसेंबर १९१७ रोजी तो देश स्वतंत्र झाला. चित्रांनी स्वातंत्र्य मिळाले असे मी म्हणत नाही. पण आपल्या मुलखाचे रूप डोळ्यांपुढे असल्यावाचून त्याच्यासाठी कोण झटणार? तेव्हा पोट भरल्यावरच चित्र सुचते, हे काही खरे नाही.

त्या चित्रकारांत एक बाईही होती, हे कळल्यावर मला विशेष आनंद झाला. तिचे नाव फॅनी चुर्बर्ग. जन्म १८४५ सालचा. त्या काळी बाईने चित्र काढायचे ते फुलांचे, फार तर घरातल्या मुलाबाळांचे. हिने जर्मनीत जाऊन शिक्षण घेतले आणि वादळी आभाळ, दलदल, खडक, हिवाळ्यातली संध्याकाळ अशी चित्रे रंगविली. टीकाकारांना तिचे रंग भडक वाटले. १८८० च्या सुमारास तिने चित्रे काढणे सोडले. पण ती बसून राहिली नाही. १८७९ मध्येच तिच्या पुढाकाराने तिकडच्या जुन्या विणकामाची नि भरतकामाची जपणूक करणारी एक संस्था निघाली होती, तिच्या कामाला तिने वाहून घेतले. ती संस्था आजही चालू आहे. फॅनीबाई १८९२ साली वारल्या. त्यांच्या चित्रांची खरी किंमत लोकांना पुष्कळ वर्षांनंतर कळली. भगिनींनो, शिवणकाम नि भरतकामापासून सुरू झालेल्या आपल्या मंडळाला ही बाई परकी वाटू नये.

तिसरा पेक्का हालोनेन. हा शेतकऱ्याच्या घरचा. त्याची आई तिकडचे कांतेले नावाचे तंतुवाद्य वाजवी. तो पॅरिसला जाऊन शिकून आला आणि १९०२ साली तुसुला नावाच्या तळ्याच्या काठी लाकडी ओंडक्यांचे घर बांधून राहिला. बायको पियानो शिकलेली. त्यांना आठ मुले झाली. आठ मुलांचा संसार त्या बाईने कसा रेटला असेल, ते आपण जाणतोच. हालोनेनने उरलेले सारे आयुष्य त्याच काठावर काढले आणि तेच तळे, तीच झाडे, तेच बर्फ पुन्हा पुन्हा रंगविले. १९३३ साली तो वारला. ते घर आता संग्रहालय म्हणून जतन केले आहे.

तेच ते तळे माणूस तीस वर्षे कसे रंगवितो, असे कुणाला वाटेल. त्याचे उत्तर मला फिनलंडात शोधावे लागले नाही. ते आपल्या महाराष्ट्रातच, कोल्हापूरला सापडले.

कोल्हापूरला आबालाल रहिमान नावाचे थोर चित्रकार होऊन गेले. त्यांचे घराणे कुराणाच्या सुंदर हस्तलिखित प्रती करणारे. म्हणजे कागदावर ठरल्या जागी ठरल्या जाडीची रेघ उमटविणे हे त्यांच्या घरातच होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले आणि १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयचे पदक मिळाले. त्या काळी असे पदक मिळविणाऱ्याला मुंबईत राहून श्रीमंतांची, साहेबांची तसबिरी-चित्रे करून चांगला पैसा मिळविता आला असता. आबालाल कोल्हापूरला परत आले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार म्हणून आश्रय दिला. पण त्यांचा जीव रमला तो दरबारात नव्हे, पाण्याकाठी.

कोल्हापुरात कोटितीर्थ नावाचे तळे आहे. आबालाल त्या तळ्याच्या परिसरात राहिले आणि त्यांनी ते तळे किती वेळा रंगविले याला गणती नाही. सकाळचे कोटितीर्थ, भर उन्हातले, सांजेचे. कधी रंकाळा, कधी पंचगंगेचा घाट. मोठमोठे कॅनव्हास नव्हेत, पुष्कळदा लहानसे कागद आणि पाण्यात कालविलेले रंग. चित्रांत आख्यान नाही, देवदेवता नाहीत. काठ, झाडी, पाणी, आणि त्यांच्यावर पडलेला उजेड. त्याच सुमारास फ्रान्स देशात काही चित्रकार हाच ध्यास घेऊन बसले होते की वस्तू रंगवायची नाही, तिच्यावर या घटकेला पडलेला उजेड रंगवायचा. ज्याला आपण तेच तळे म्हणतो, ते आबालालांच्या दृष्टीने तेच नव्हते. सकाळचे निराळे, दुपारचे निराळे.

भगिनींनो, हे आपल्यालाही समजण्यासारखे आहे. आपण रोज तोच भात रांधतो. पण नव्या धानाचा भात पाणी किती घेतो आणि जुन्याचा किती, हे बाईला कळते. जिला सारे तांदूळ सारखेच दिसतात, तिने स्वयंपाक केलेला नाही. पाहण्याचेही तसेच आहे.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज वारले. आबालालांना त्याचा मोठा धक्का बसला. त्या दुःखात त्यांनी आपली पुष्कळ चित्रे तळ्याच्या पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापूरचे लोक सांगत आले आहेत. ज्या पाण्याने चित्रे दिली, त्याच पाण्याला ती परत केली म्हणायची. आपण गौर पाण्यात सोडतो तेव्हा ती पुढच्या वर्षी येणार हे ठाऊक असते. ही चित्रे परत येणारी नव्हती. जी मागे राहिली त्यांतली काही कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहेत. आबालाल १९३१ साली वारले. फिनलंडचा गालेन-काल्लेला, ज्याच्या सुतारपक्ष्याची गोष्ट मी मघा सांगितली, तोही १९३१ सालीच वारला. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. एकाचे झाड बर्फातले, दुसऱ्याचे उन्हातले. पण दोघांनीही आपल्या मुलखातले झाड नि पाणी रंगविले.

आता तिसरे मत, आपल्या काकूंचे. मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून शेवटी ठेवले.

काकू म्हणाल्या ते खोटे नाही. आपल्या गावातली किती घरे अशी आहेत की जिथे एकच बाई राहते, याचा हिशेब मनातल्या मनात करून पाहा. मालक गेले, मुली दिल्या घरी गेल्या, मुलगा नागपूरला किंवा पुण्याला. एके काळी जिथे दहा पाने बसत, तिथे एक ताट. फोनवर रोज बोलणे होते, पण फोन ठेवल्यावर घर पुन्हा शांत. अशा बाईने मंडळात यावे आणि भिंतीवर पुन्हा एकटे झाड पाहावे, हे तिला सोसत नसेल तर तो तिचा कमकुवतपणा नव्हे. एकटेपणाची गोष्ट वाऱ्यावर उडविण्याची नाही.

पण काकू, झाडाविषयी मला जे ठाऊक आहे ते आपल्यापुढे ठेवते. आपण झाडीपट्टीच्या बाया आहोत, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. दाट जंगलातला येन किंवा साग पाहा. उजेडासाठी तो नुसता वर वर पळतो. खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही, त्या वाळून गळतात. खोड सरळसोट, आणि शेंड्याला मूठभर पाने. आता शेताच्या धुऱ्यावर एकट्या उभ्या असलेल्या मोहाकडे पाहा. त्याला चारी बाजूंनी ऊन मिळते, म्हणून चारी बाजूंनी फांद्या फुटतात आणि डोके घुमटासारखे गोल होते. वाऱ्याला आडोसा नाही, म्हणून बुंधा जाड होतो आणि मुळे जमीन घट्ट धरतात. रोवणा करणाऱ्या बाया दुपारची भाकर खायला जंगलातल्या झाडाखाली जात नाहीत. त्या धुऱ्यावरच्या एकट्या मोहाखालीच बसतात. मोहफुले वेचायलाही तिथेच जातात.

म्हणजे जे झाड एकटे वाढते, त्याची सावली सर्वांत मोठी असते. एकटेपणा चांगला, असे मी म्हणत नाही. वारा त्याला जास्तच लागतो, वीजही त्याच्यावरच पडते. पण एकटे म्हणजे बिचारे, असा जो अर्थ आपण लावतो, तो झाडाला लागू पडत नाही. आणि काकूंनाही लागू पडत नाही, हे त्यांच्या ओसरीवर ज्यांची मुले वाढली त्या साऱ्याजणी सांगतील.

आणखी एक. पाण्याकाठचे झाड खरोखरी एकटे असते का? आपल्या तलावाच्या पाळीखालचा अर्जुन पाहा. आपण त्याच्याखालून रोज जातो. त्याची साल पांढुरकी, गुळगुळीत, पापुद्र्यांनी सुटणारी. फळाला पाच उभ्या धारा. कोशाचे किडे पाळायला अर्जुन आणि येन ही दोन झाडे लागतात. आपले धीवर बांधव किती पिढ्या त्या झाडांवर किडे राखीत आले, आणि त्या कोशाचे कापड मोहाडीकडे आंधळगावला विणले जाते. ज्या झाडाने आपल्या जिल्ह्याला कोशाचे लुगडे दिले, त्याला एकटे कसे म्हणावे? खाली पाण्यात मासे आणि शिंगाडा, वर बगळे. आणि पाण्यात त्याचेच दुसरे रूप उभे असते ते वेगळेच.

त्या दुसऱ्या रूपाविषयी थोडे सांगते, कारण चित्रकाराची खरी परीक्षा तिथे आहे. सकाळी वारा पडलेला असताना तलावावर जाऊन पाहा. पाण्यातले झाड हे वरच्या झाडाची हुबेहूब नक्कल नसते. पाण्यात आपल्याला फांद्यांची खालची बाजू दिसते, जी काठावरून सहसा दिसत नाही. वरचा उजळ भाग पाण्यात थोडा काळवंडतो, आणि वरचा गडद भाग थोडा फिका पडतो. किंचित वारा सुटला की पडछाया उभी लांबत जाते, आणि जोराचा आला की मोडून जाते. पण वरचे झाड तिथेच असते. हे एकदा पाहून आल्यावर मग आपली तसबीर पाहा. त्या चित्रकाराने काय काय टिपले आहे ते कळेल, आणि ती रिकामी वाटणार नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आपला भंडारा जिल्हा तळ्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. शहरात खांब तलाव, तुमसर तालुक्यात चांदपूर, साकोलीकडे शिवनीबांध, आणि गावोगावच्या बोड्या तर मोजण्यापलीकडे. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगावबांध तिकडे गेले, तरी आपल्याकडे पाण्याची कमतरता नाही. दोन-तीनशे वर्षांपूर्वी गोंड राजांच्या अमदानीत कोहळी लोकांनी जमिनीचा उतार नुसत्या नजरेने ओळखून हे तलाव बांधले. यंत्र नव्हते, नकाशे नव्हते. पाहण्याची केवढी ताकद असेल त्यांच्या डोळ्यांत! १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. कुठे गाळ साचला, कुठे बेशरम माजली, कुठे काठ बुजवून घरे झाली.

आणि भगिनींनो, आपल्या गावच्या तलावाचे एकही चित्र गावात नाही. लग्नाचे अल्बम प्रत्येक घरात आहेत. मोबाइलमध्ये हजार फोटो आहेत, त्यांत तलाव असतो तो कुणाच्या तरी पाठीमागे, नाटकाच्या पडद्यासारखा. उद्या कुणी विचारले की पाळीवरचा तो मोठा अर्जुन कसा होता, पाणी कुठल्या पायरीपर्यंत यायचे, तर काय दाखविणार? फिनलंडच्या तळ्याचे चित्र सात समुद्र ओलांडून आपल्या भिंतीपाशी आले. आपले तळे दोन शेतांच्या अंतरावर आहे, ते अजून यायचे आहे.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. मान्य कराव्या की नाही, हे सभेने ठरवावे.

पहिली सूचना अशी की तसबीर लावावी, पण समोरच्या भिंतीवर नव्हे, खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर लावावी. पाहुणीला मान द्यावा, पण घरधनिणीची जागा तिला देऊ नये. समोर सावित्रीबाईंची आणि जिजामातेची तसबीर आहे, ती तिथेच राहावी.

दुसरी अशी की त्या तसबिरीच्या शेजारी एक चौकट रिकामी टांगावी. गावातल्या शाळेच्या मुलामुलींना वर्षातून चार वेळा तलावाच्या पाळीवर न्यावे: पोळ्याच्या सुमारास तलाव भरलेला असताना, मंडईच्या दिवसांत, माघात, आणि वैशाखात पाणी आटल्यावर. त्यांना कागद नि रंग मंडळाने द्यावेत. चार डब्या रंग नि दोन दस्ते कागद, एवढ्या खर्चाने मंडळाचे दिवाळे निघणार नाही. सांगायचे एवढेच, की पाळीवरचा अर्जुन नि पाणी काढा, मधे माणूस घालू नका. जे चित्र चांगले होईल ते चौकटीत लावावे, आणि बाकीची फेकू नयेत. प्रत्येकामागे तारीख लिहून मंडळाच्या कपाटात ठेवावीत. दहा वर्षांनी त्या चित्रांच्या गठ्ठ्यावरून कळेल की कोणत्या वर्षी पाणी कुठवर होते, गाळ कुठे साचला, झाडाची कोणती फांदी गेली. ग्रामसभेत तलावाचा गाळ काढण्याचा विषय मांडायला आपण जाऊ, तेव्हा ती चित्रे आपल्या बाजूने बोलतील. मघा पोटापाण्याचा प्रश्न विचारणाऱ्या भगिनींना माझे हे उत्तर आहे. धान त्याच पाण्यावर पिकते.

तिसरी सूचना आपल्यासाठी, मोठ्या बायांसाठी. महिन्यातून एकदा, बैठक संपल्यावर, लगेच घरी न पळता तलावावर जावे आणि पाव तास बसावे. कुणाची निंदा नाही, कुणाच्या सुनेचा विषय नाही, मोबाइल पिशवीत. नुसते पाहावे. घरच्या कामातून बाईला पाव तास मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आपण पाण्याकडे नेहमी घागर नाही तर धुणे घेऊनच गेलो. एकदा रिकाम्या हाताने जाऊन पाहू. काकूंनी आमच्यासोबत यावे आणि पुढे बसावे, अशी माझी त्यांना खास विनंती आहे. गावात पहिल्यांदा सून म्हणून आल्या तेव्हा तो अर्जुन केवढा होता, हे सांगणारे आता त्यांच्याखेरीज फार थोडे उरले आहेत. ते त्यांनी मुलांना सांगावे, म्हणजे मुले कागदावर काढतील.

माझे बोलणे लांबले. स्वयंपाकाची वेळ झाली आहे आणि प्रसादही वाटायचा आहे. माझ्या तीन सूचना मी कागदावर लिहून चिटणीसबाईंकडे दिल्या आहेत. त्यांवर आजच हात वर करून मत घ्यावे, एवढी विनंती करते.